चकल्यांचा भुगा झाला तर पैसे कोण देणार?

२०२५च्या दिवाळीआधी अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांच्या घरी एकच टेन्शन होतं: फराळ जाणार कसा? अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची शुल्कमाफी २९ ऑगस्टपासून बंद केली आणि आपल्या टपाल खात्याने तिकडचं बुकिंग थांबवलं. ते पुन्हा सुरू झालं १५ ऑक्टोबरला, दिवाळी अगदी दारात आल्यावर. चर्चा सगळी शुल्काची झाली. पण पोहोचलेल्या डब्यात चकल्यांचा भुगा निघाला तर?

कायद्याचं उत्तर आपल्या सोयीचं नाही. १८ जून २०२४पासून लागू झालेला पोस्ट ऑफिस कायदा सांगतो की, नियमांनी ठरवून दिलेली जबाबदारी सोडली, तर टपाल खातं भरपाईला बांधील नाही. १८९८च्या कायद्याचा सूरही साधारण असाच होता. खासगी कुरिअरच्या अटी वाचा (कोण वाचतं म्हणा!), तिथेही भरपाईला मर्यादा असते आणि 'पॅकिंग नीट नव्हतं' ही पळवाट असतेच. वेगळा विमा काढला नसेल, तर नुकसान जवळपास आपलंच.

मग भरपूर बबल रॅप घालून मोठा खोका घ्यायचा? इथे खरी गोम आहे. बऱ्याच कुरिअर कंपन्या वजनासोबत आकाराचेही पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार भागिले ५०००, हा नेहमीचा हिशोब. ४० × ३० × ३०च्या खोक्यात तीन किलो फराळ भरला तरी बिल ७.२ किलोचं! तोच ३० × २५ × २०च्या खोक्यात बसवला तर तीन किलोचं. म्हणजे तुटलं तरी भुर्दंड आपल्याला आणि जपायला जागा घेतली तरी आपल्यालाच. 'फ्रॅजाइल'चा स्टिकर लावून यातलं काही बदलत नाही.

त्यामुळे रिकामी जागा विकत घेऊ नका, ती खाण्याच्या वस्तूंनीच भरा. चकल्या कडक डब्यात, थरांमध्ये टिश्यू पेपर. डब्याभोवती चिवड्याची सीलबंद पाकिटं कोंबा. चिवडा उशीचं काम करतो आणि चुरला तरी कुणी रडत नाही. खोका हलवून बघा, आतून आवाज आला तर अजून भरा. टेप फक्त मधल्या फटीवर नको, दोन्ही कडांवरही मारा. पत्त्याची एक चिठ्ठी आतही टाका, बाहेरचं लेबल फाटलं तर तीच कामाला येते. आणि सोबत पॉवर बँक पाठवणार असाल, तर आधी काउंटरवर विचारा. लिथियम बॅटरीसाठी विमानाचे नियम कडक आहेत.