शिव्यांची मोजदाद

अमेरिकन लेखिका अँजी थॉमस यांच्या 'द हेट यू गिव्ह' (२०१७) या किशोरवयीनांसाठी लिहिलेल्या कादंबरीवर जे आक्षेप घेतले गेले, त्यांतला सर्वांत ठळक आक्षेप तिच्यातील शिव्यांवर होता. थॉमस यांनी मुलाखतीत त्याला आकड्यांनीच उत्तर दिले. ती एक कुप्रसिद्ध इंग्रजी शिवी पुस्तकात ८९ वेळा आली आहे, हे आपण स्वतः मोजले आहे. पण एका वर्षात पोलिसांच्या हातून मेलेल्या माणसांची संख्या ९०० च्या वर जाते, आणि लोकांनी काळजी करायची तर या दुसऱ्या आकड्याची करावी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. उत्तर बिनतोड आहे, तरी आम्हांला ते अपुरे वाटते. शिव्या ही एक उणीव असून विषयाच्या गांभीर्यापुढे ती पोटात घालावी, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. आमच्या मते या कादंबरीत भाषा हाच विषय आहे.

कथानक थोडक्यात असे. सोळा वर्षांची स्टार कार्टर ही कृष्णवर्णीय मुलगी गार्डन हाइट्स या गरीब वस्तीत राहते आणि शिकायला मात्र बहुसंख्य गोऱ्या मुलांच्या खासगी शाळेत जाते. तिचा बालमित्र खलील याला रस्त्यात गाडी अडवून एक पोलीस गोळी घालतो. खलीलच्या हाती शस्त्र नसते. या घटनेची एकमेव साक्षीदार स्टार असते. बोलावे की गप्प राहावे, हा कादंबरीचा पेच आहे.

पण स्टारचे गप्प राहणे गोळीबाराच्या फार आधीपासून सुरू झालेले आहे. शाळेत ती वस्तीतला एकही शब्द तोंडातून निसटू देत नाही, राग आला तरी आवाज चढवत नाही; कारण मग लोक तिला 'त्या वस्तीतली' ठरवतील. दोन भाषांत वाटली गेलेली ही मुलगी अखेरीस आपल्या एका आवाजात बोलू लागते. अशा कादंबरीची भाषा स्वच्छ करून मागणे म्हणजे, शाळेने स्टारकडून जे करवून घेतले तेच पुस्तकाकडून करवून घेणे होय. महाविद्यालयात मराठी शिकवताना आम्हांला ही स्टार ओळखीची वाटते. घरच्या बोलीत फडाफडा बोलणारी मुले वर्गात प्रमाण मराठीच्या धाकाने कशी मुकी होतात, हे आम्ही दर वर्षी पाहतो.

थॉमस मूळच्या मिसिसिपीतील जॅक्सन शहराच्या. ओकलंड येथे २००९ च्या पहिल्या दिवशी ऑस्कर ग्रँट हा तरुण पोलिसाच्या गोळीने मेला, तेव्हा त्या शिकत होत्या. वस्तीत लोक त्याला आपला म्हणत होते, तर महाविद्यालयात काहींना तो त्याच लायकीचा वाटत होता. या दोन बोलण्यांच्या मधल्या जागेतून आधी एक कथा आणि मग ही कादंबरी जन्मली.

पुढे व्हायचे ते झाले. टेक्सासमधील केटी येथील शाळांतून २०१७ साली ती काढली गेली. एका विद्यार्थिनीने सह्या गोळा केल्यावर परत आली, पण पालकांच्या परवानगीच्या अटीवर. २०१८ साली साउथ कॅरोलायनात पोलिसांच्या एका संघटनेने एका शाळेच्या वाचनयादीतील तिच्या समावेशाला हरकत घेतली. ती पोलीसविरोधी आहे म्हणणाऱ्यांना, स्टारचा लाडका मामा स्वतः पोलीस खात्यात आहे, हे दिसले नसावे. आता अशी प्रकरणे तुरळक राहिलेली नाहीत. २०२३-२४ या एका शैक्षणिक वर्षात 'पेन अमेरिका' या संस्थेने शालेय पुस्तकबंदीच्या १०,०४६ नोंदी केल्या.

पालकांची काळजी आम्ही थट्टेवारी नेत नाही. आपल्या मुलाने काय वाचावे, याबद्दल बोलण्याचा हक्क आईबापांना आहेच. परंतु शेजारच्या मुलानेही ते वाचू नये, हे ठरवण्याचा हक्क त्यातून निघत नाही. रुडिन सिम्स बिशप यांनी १९९० साली मुलांच्या पुस्तकांना आरशाची आणि खिडकीची उपमा दिली. एका मुलाला ऊन लागते म्हणून खिडकी बंद करा म्हणणारे, त्याच वेळी दुसऱ्या मुलाचा आरसा काढून घेत असतात.

बंदीने पुस्तक उलट अधिक खपते, असे सांगून आपण स्वतःची समजूत घालतो. गाजलेल्या पुस्तकाबाबत ते कधी खरेही ठरते. पण फारसे नाव नसलेल्या लेखकाचे पुस्तक शाळेतून गेले, की ते बहुधा कायमचे जाते. शिवाय पुस्तक विकत घेऊ शकणाऱ्या मुलाचे काही अडत नाही. अडते ते ज्याला शाळेच्या ग्रंथालयाशिवाय दुसरे दार नाही त्याचे, म्हणजे नेमके गार्डन हाइट्समधल्या मुलांचे.

स्टारचे वडील आपल्या मुलांकडून ब्लॅक पँथर पक्षाचा दहा कलमी कार्यक्रम पाठ करून घेतात. त्याच पक्षावरून आपल्याकडे १९७२ साली दलित पँथरने नाव घेतले, आणि त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. त्यातल्या भाषेने पांढरपेशा वाचक बिचकला. आज मराठी कवितेचा इतिहास त्या संग्रहावाचून सांगता येत नाही. पण म्हणून आपण फुशारकी मारू नये. शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेने आक्षेप घेताच २०१० साली मुंबई विद्यापीठाने रोहिंटन मिस्त्री यांची 'सच अ लाँग जर्नी' बी. ए.च्या अभ्यासक्रमातून काढली. वाचणारे विद्यार्थी सज्ञान होते, तरीही.

'द हेट यू गिव्ह' निर्दोष आहे, असा आमचा दावा नाही. तिचा उत्तरार्ध काहीसा पसरट आहे, आणि काही ठिकाणी लेखिका पात्राच्या तोंडून शिकवू लागते. हे दोष वर्गात दाखवता येतात, त्यांवर भांडता येते, विद्यार्थी आमचे म्हणणे खोडूनही काढू शकतात. त्यासाठी पुस्तक मात्र बाकावर असावे लागते.