नी आहे की नाही?
सा-ग-प ही तीन सुरांची साधी मेजर कॉर्ड. तिच्यावर एकेक सूर सोडून चढत गेलं की आधी कोमल नी लागतो, ती सेव्हन्थ. मग वरच्या सप्तकातला रे, ती नाइन्थ. पुढे म, ध. थर्टीन्थपर्यंत पोचलात तर साती सूर एकाच कॉर्डमध्ये जमतात, आणि गिटारला तारा सहाच! म्हणून वादक बहुधा पंचमाला आधी रजा देतो. तो गेल्याचं कानाला फारसं कळतही नाही. इलेव्हन्थमध्ये मात्र ग आणि म यांचं पटत नाही, तिथे पुष्कळदा गंधारच गाळतात. पण नी न घेता थेट वरचा रे जोडला, तर ती नाइन्थ नव्हे, ‘ॲड नाइन’. कोमल नी असला की कॉर्डला पुढे जायची घाई असते. नसला की ती जागच्या जागी झळाळते. मला तरी ही दुसरीच आवडते. साध्या कॉर्डला नुसता ध जोडला की झाली सिक्स्थ. बीटल्सनी १९६३ मध्ये ‘शी लव्हज यू’ अशाच सिक्स्थवर संपवलं, तेव्हा निर्माते जॉर्ज मार्टिन यांना ते जुनाट, ग्लेन मिलरच्या वळणाचं वाटलं होतं. पोरांनी ऐकलं नाही, ते बरंच झालं.