आल्प्स पुरे, आता लातूर!

मंडळी, रेल्वेचं मॉडेल करायचं म्हटलं की आपले लोक थेट आल्प्सचा बर्फ नि बोगदे करायला बसतात. का हो? आपली मिरज-लातूर बार्शी लाइट रेल्वे काय वाईट होती? दोन रुळांतलं अंतर ७६२ मिलीमीटर. १:८७ च्या मॉडेलसाठी ८७ ने भागा, पावणेनऊच्या आसपास येतं. म्हणजे बाजारातला ९ मिलीमीटरचा तयार ट्रॅक चालून जातो!

ती छोटी गाडी गेली, ब्रॉडगेज आलं. आणि एप्रिल २०१६ मध्ये त्याच मिरजेहून तहानलेल्या लातूरला पाण्याची गाडी आली. पहिल्या खेपेला १० वॅगन, साधारण ५ लाख लिटर. हा देखावा टेबलावर करा, फोटो दोस्तांना पाठवा. आल्प्स करायला अख्खं जग बसलंय. लातूर आपण नाही केलं तर कोण करणार?