पन्नाशीच्या बाईला ‘बेबी’ म्हणू नका

डाऊन सिंड्रोम म्हटलं की डोळ्यांसमोर लहान मूल येतं. पोस्टरवर तेच, शाळेच्या अहवालात तेच. या मुली मोठ्या होतात, त्यांचे केस पिकतात, हे कोणाच्या गावीही नाही. १९८३च्या सुमारास अमेरिकेत अशा व्यक्तीचं सरासरी आयुष्य पंचवीस वर्षं होतं. आज ते साठीच्या घरात आहे. आपल्याकडेही चाळिशी-पन्नाशी गाठलेल्या बाया आहेत, आणि त्यांच्यामागे पंचाहत्तरीच्या आया.

अशी एखादी बाई गप्प गप्प होते, वेणी घालायचं विसरते. डॉक्टर पाच मिनिटांत निकाल देतात, “यांचं असंच असायचं.” असंच का म्हणून? थायरॉइड तपासलं? कानात मळ साठलाय का, मोतीबिंदू आहे का, झोपेत श्वास अडकतो का, हे पाहिलं? वडील वारले तेव्हा तिला कोणी नीट सांगितलं तरी होतं का? ती दुःखाने मिटली असेल, हे सुचतच नाही कोणाला! यातल्या बहुतेक गोष्टींवर इलाज आहे.

अल्झायमरचा धोका खोटा नाही. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जादा असते, आणि मेंदूत साचणारं अमायलॉइड ज्या प्रथिनापासून बनतं त्याचं जनुक नेमकं त्याच गुणसूत्रावर आहे. चाळिशीपर्यंत बहुतेकांच्या मेंदूत हे बदल झालेले असतात. पण प्रत्यक्ष विसर पडू लागतो तो बहुधा पन्नाशीच्या आसपास, आणि सगळ्यांना एकाच वयात नाही. म्हणूनच ती धडधाकट असताना, तिशीतच, तिला काय काय येतं ते लिहून ठेवायला हवं. चहा करते, बसचा नंबर ओळखते, भाचरांची नावं सांगते. नाहीतर पुढे काय हरवलं ते कशावरून ठरवणार? शाळेतला बुद्ध्यांक इथे कुचकामी आहे.

या स्त्रियांची पाळी इतरांपेक्षा काही वर्षं आधी जाते. ज्यांची लवकर गेली त्यांना स्मृतिभ्रंशही लवकर झाला, असं अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं. आपल्याकडे केसपेपरवर हे कोण विचारतं? ‘मतिमंद’ ठरवलेल्या बायकांच्या पाळीची व्यवस्थेला आठवण झाली ती १९९४ साली. स्वच्छतेचं कारण सांगून शिरूरच्या वसतिगृहातल्या मुलींची गर्भाशयं पुण्यात ससूनमध्ये काढली गेली. स्त्री-संघटनांनी आवाज उठवला तेव्हा ते थांबलं. पाळी आली तर अडचण, गेली तर कोणाला पत्ता नाही.

आणि हे सगळं निस्तरायचं कोणी? आईनेच. तिच्यानंतर कोण, याचं उत्तरही घरात ठरलेलं असतं: लग्न न झालेली बहीण. तिला विचारलेलं नसतं, आणि जिच्याविषयी ठरतंय तिला तर नाहीच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात, ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहकाच्या भत्त्याची तरतूद आहे. आपापल्या जिल्ह्याच्या कार्यालयात चार-चार जणींनी जाऊन विचारावं, हा भत्ता किती घरांत पोचला. उत्तर लेखी मागावं.