वस्तादाचा हात

२५ डिसेंबर १९१८ रोजी वर्सोव्यात, दादाभाई नौरोजींच्या समुद्राकाठच्या घरी, मणिभाई हरिभाई देसाई नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने योग शिकवायला सुरुवात केली. दादाभाई आदल्या वर्षीच वारले होते. १९१८ च्याच इन्फ्लुएंझाने मुंबईत घराघरांतली माणसं नेली होती. वर्सोवा तेव्हा मुंबईच्या हद्दीतही नव्हतं. कोळीवाडा, वाळू, ताडामाडांची झाडं आणि हवा पालटायला येणाऱ्या सुखवस्तू कुटुंबांचे काही बंगले, एवढीच तिथली वस्ती. मणिभाई पुढे श्रीयोगेंद्र म्हणून ओळखले गेले. त्यांची द योग इन्स्टिट्यूट आज सांताक्रूझ पूर्वेला उभी आहे.

तरुणपणी कुस्तीची आवड असलेल्या या माणसाने मठातली विद्या संसारी माणसाच्या घरात आणली. समोर बसलेल्याची तक्रार काय, त्याचा दिवस कसा जातो, हे पाहून त्याला काय झेपेल ते सांगायचं, ही त्यांची रीत. आज अंधेरी-बोरिवलीत, मुलुंड-घाटकोपरला महिन्याचे पैसे भरून लोक जिममध्ये ‘पीटी’ लावतात, म्हणजे स्वतःपुरता वेगळा ट्रेनर घेतात, तेव्हा ते याच गोष्टीसाठी पैसे मोजत असतात. आपल्या शरीराकडे कुणीतरी आपलं म्हणून लक्ष द्यावं, ही त्यामागची गरज आहे. ती खरी आहे आणि जुनीही आहे. तिला श्रीमंतांचे चोचले म्हणून उडवून लावणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही.

आपल्याकडे ही गरज शतकानुशतकं तालमीने भागवली. पहाटे चारला दिवा लागायचा. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मुरवलेली हौद्यातली लाल माती पोरं खोऱ्याने उकरायची. मग जोर, बैठका, लढती. मेहनत संपली की मालीश. एक जण पालथा पडायचा, दुसरा टाचेपासून वर पोटरी, मांडी, पाठीचा कणा असा अंगठ्याने चढत जायचा. वस्ताद मध्येच खाली बसून एखाद्याच्या खांद्यात बोटं रुतवायचे आणि म्हणायचे, “आज जोर मारू नकोस, नुसतं चाल.” कुणाचं अंग कुठे आखडलंय, कुणाच्या खुराकात कमी पडतंय, कोण रात्री नीट झोपलेला नाही, हे त्यांना हाताखाली कळायचं. व्यायाम शिकवणारा आणि अंग चोळणारा अशी दोन माणसं नव्हती. मेहनत आणि विसावा यांचा हिशेब एकाच डोक्यात असायचा.

हा हिशेब ग्रंथांतही आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात रोज अभ्यंग करा, विशेषतः डोकं, कान आणि तळपाय विसरू नका, असं सांगितलंय. लगेच पुढे व्यायाम येतो, आणि तोसुद्धा बलवानाने अर्ध्या शक्तीनेच करायचा. व्यायाम झाल्यावर सर्वांग सुखावह वाटेल असं चोळायचं. त्या शिस्तीतलं आपल्याकडे फक्त दिवाळीच्या पहिल्या पहाटेचं तेल-उटणं उरलं.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही विद्या किती वर गेली होती, याची आठवण मराठी माणसाला असायला हवी. बडोद्याला राजरत्न प्रा. माणिकरावांनी आपल्या गुरूच्या, जुम्मादादांच्या नावाचं व्यायाममंदिर चालवलं. निखळलेले सांधे बसवण्यात आणि दुखरी अंगं चोळून मोकळी करण्यात त्यांच्या हाताला मोठं नाव होतं. त्याच बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं; त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ जगाला दाखवले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी तरुणपणी नामांकित विलायती व्यायामपटू सँडोची पुस्तकं आणि साधनं आणून व्यायाम करत. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि शाळाशाळांतून त्यांनी ते रुजवले. दादरला शिवाजी पार्कवर १९२५ साली श्री समर्थ व्यायाम मंदिर उभं राहिलं. तिथल्या उदय देशपांडे यांनी मुलींना आणि दृष्टिहीन मुलांनाही मल्लखांब शिकवला. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा मल्लखांबाच्या जगातल्या अनेकांना ती घरची बातमी वाटली.

पण तालमीची दुसरी बाजू झाकून ठेवता येणार नाही. तिथे बाईला प्रवेश नव्हता. आणि तालमीबाहेर, समाजात, दुसऱ्याच्या अंगाला हात लावण्याचं काम खालचं मानलं गेलं. मालीश न्हाव्याने करायची, बाळंतिणीला आणि बाळाला सुईणीने न्हाऊमाखू घालायचं, आणि त्यांची मजुरी धान्यात किंवा जुन्या लुगड्यात चुकती व्हायची. वस्ताद गुरू झाले. चोळणारा मात्र गडीच राहिला. शहरात आल्यावर ही दोन कामं वेगळी पडली आणि तो जुना भेद त्यांच्याबरोबर आला. ट्रेनरला आज ‘सर’ म्हणतात. मालीश करणाऱ्याला बऱ्याच सोसायट्यांत सामानाची लिफ्ट वापरायला सांगतात.

हे काम जवळून पाहायचं असेल तर बोरिवली किंवा मुलुंडच्या कुठल्याही इमारतीत सकाळी आठच्या सुमाराला बाळंतिणीच्या घरी जावं. मालीश करणारी मावशी मोरीत पाटावर बसून पाय लांब पसरते, नडग्यांवर बाळाला पालथं घालते. कोमट खोबरेल तळहातावर घेते, आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघते. मग कमरेपासून मानेपर्यंत, खांद्यापासून बोटांपर्यंत एका लयीत हात फिरतो. बाळ रडून रडून थकतं, धुरी घेतं आणि तीन तास झोपतं. नंतर आईची कंबर, मांड्या, पोटऱ्या. प्रसूतीनंतर त्या बाईच्या दुखऱ्या अंगाला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नसतो. बोलायलाही त्या तासात मावशीच असते. कमी वजनाच्या बाळांना मालीशचा उपयोग होतो, हे वैद्यकीय अभ्यासांतूनही दिसलं आहे. मात्र याच मावश्यांपैकी काही जणी बाळाच्या नाका-कानात तेल सोडतात, नाक उंच व्हावं म्हणून चिमटतात. बालरोगतज्ज्ञ यापासून सावध करतात, कारण नाकातलं तेल फुप्फुसात उतरू शकतं. मावशीचा यात दोष किती? तिला कुणी शिकवलं? तिने आईकडून घेतलं, आईने आजीकडून.

शिकवण्याचा हा प्रश्न जगात इतर ठिकाणीही आला आणि सुटलासुद्धा. १८९४ साली लंडनमध्ये मालीशच्या नावाखाली देहविक्रय चालतो अशी ओरड झाली. ब्रिटिश मेडिकल जर्नलनेही त्यावर लिहिलं. प्रामाणिकपणे हे काम करणाऱ्या चार परिचारिका तेव्हा पुढे आल्या आणि त्यांनी प्रशिक्षित मालीशकर्त्या स्त्रियांची संस्था काढली. परीक्षा ठेवली, डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय काम न करण्याचा नियम केला, जाहिरातींवर बंधन घातलं. १९२० साली त्या संस्थेला राजसनद मिळाली. ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांची आजची सनदी संस्था तिच्यातूनच आली. बदनामीतून बाहेर पडायला त्या चौघींनी शिक्षणाचा आणि परीक्षेचा रस्ता धरला, आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही.

मुंबईनेही एकदा हे करून दाखवलंय. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत पोलिओने मुंबईतली मुलं लुळी पडत होती. १९५० साली कमलाताई निंबकरांनी केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. १९५२ साली मुंबई महापालिका, केंद्र सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून तिथेच फिजिओथेरपीची शाळा उभी केली. अर्ध्या शतकानंतर राज्याने या दोन्ही व्यवसायांसाठी परिषदेचा कायदा केला, नोंदणी आली. आज फिजिओथेरपिस्टच्या दारावर पाटी असते आणि त्या पाटीमागे पदवी असते. ती पाटी लागायला पन्नास वर्षांचा खटाटोप झाला, पण सुरुवात महापालिकेच्या एका रुग्णालयात झाली, हे महत्त्वाचं.

उपनगरं या सगळ्यात उशिरा आली. अंधेरी १९५० ला मुंबईत आली, बोरिवली आणि मुलुंड १९५७ ला. गिरणगावात चाळीगणिक मंडळ आणि मंडळागणिक व्यायामशाळा होती. १९८२ च्या गिरणी संपानंतर ती माणसं उपनगरांत पांगली. मैदानाऐवजी त्यांना लोकल मिळाली. फास्ट गाडीत तासभर एका पायावर उभं राहायचं, मग आठ-दहा तास खुर्चीत. मान, कंबर, गुडघे आणि वाढलेली साखर हा त्या दिवसाचा ताळेबंद. व्यायामशाळांची जागा धंद्याने घेतली. विष्णु तळवलकरांनी १९३२ साली सुरू केलेल्या व्यायामशाळेचं नाव २०१० मध्ये शेअर बाजारात पोचलं, आणि दहा वर्षं उलटायच्या आत त्या कंपनीची देणी थकली.

तरी जिमने एक मोठं काम केलं, त्याचं श्रेय दिलंच पाहिजे. तालमीने जिला उंबऱ्याबाहेर ठेवलं, ती घाटकोपरची पंचावन्न वर्षांची गृहिणी आज बारबेल उचलते. तिला ते शिकवणारा मुलगा बहुधा चाळीतला किंवा कोळीवाड्यातला असतो, ‘मुंबई श्री’ या शरीरसौष्ठव स्पर्धेची स्वप्नं पाहत वाढलेला. चांगला ट्रेनर पहिल्या दिवशी वजन उचलायला लावत नाही. तो खुर्चीवरून उठायला लावतो आणि गुडघा कुठे वळतो ते पाहतो. पन्नाशीनंतर दर वर्षी थोडाथोडा स्नायू झडतो. तो टिकवला तर साखर आटोक्यात राहते, तोल राहतो, पडण्याची भीती कमी होते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंची मेहनत सांगते. भारतात २०२२ साली निम्म्या प्रौढांचा व्यायाम यापेक्षा कमी होता, असं २०२४ च्या लॅन्सेट ग्लोबल हेल्थमधल्या अभ्यासात दिसलं. बायकांत हे प्रमाण ५७ टक्के होतं, पुरुषांत ४२. देशात दहा कोटींवर माणसांना मधुमेह आहे.

मालीशबद्दल बोलताना अतिशयोक्ती टाळली पाहिजे, कारण अतिशयोक्तीनेच या कामाची पत घालवली. मालीशने चरबी वितळत नाही, मधुमेह बरा होत नाही. व्यायामानंतरचं अंगदुखणं कमी होतं, सांध्यांची हालचाल थोडी सैल होते, झोप लागते, मन शांत होतं. ज्याची पाठ दुखते म्हणून तो व्यायाम टाळतो, त्याला पुन्हा व्यायामाकडे वळवण्याइतकं बळ त्यात आहे, आणि ते पुष्कळ झालं. पण एकच पोटरी सुजून गरम झाली असेल, तर तिथे रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळली तर जीव जाऊ शकतो. हाडं ठिसूळ झालेल्या आजीच्या पाठीवर जोर देता येत नाही. वस्तादाला यातलं बरंच अनुभवाने कळायचं. ॲपवरून तासाभरासाठी आलेल्या माणसाला ते कळेल, याची आज कुणी हमी घेत नाही. स्पावर छापा पडल्याची बातमी आली की हात स्वच्छ ठेवून काम करणाऱ्या शेकडो जणांना शेजाऱ्यांच्या नजरा झेलाव्या लागतात, आणि त्यांच्याजवळ दाखवायला कागद नसतो.

तो कागद द्यायची जबाबदारी राज्याने आणि महापालिकेने घ्यायला हवी. केईएमने १९५२ मध्ये घालून दिलेली वाट समोर आहे. पालिकेच्या उपनगरी रुग्णालयांत फिजिओथेरपी विभाग आहेत. त्यांच्याच छत्राखाली सहा महिन्यांचा मालीशचा अभ्यासक्रम चालू करावा. शरीररचना, कुठे हात लावायचा नाही, डॉक्टरकडे केव्हा पाठवायचं, आणि स्वतःचे अंगठे व कंबर कशी जपायची, एवढं त्यात असावं. शेवटी परीक्षा, आणि उत्तीर्ण होणाऱ्याची नोंदणी. न पाहताही ज्यांच्या बोटांना कळतं अशा दृष्टिहीनांसाठी जागा राखून ठेवाव्यात. जपानमध्ये सतराव्या शतकापासून दृष्टिहीन हे काम शिकत आणि करत आले आहेत. पालिकेच्या जागांवरच्या व्यायामशाळांत संध्याकाळी एक पगारी, प्रशिक्षित शिक्षक असावा, म्हणजे पीटीचे पैसे न परवडणाऱ्या भाजीवालीलाही गुडघा कसा वळवायचा ते कुणीतरी दाखवील. खर्च होईल, पण डायलिसिसच्या खाटा वाढवण्याइतका नाही.

अभ्यासक्रमाची पहिली तुकडी बाळंतिणींच्या मावश्यांची असावी. वर्ग दुपारी दोन ते चार ठेवावा, कारण सकाळची घरं त्यांना सोडता येत नाहीत. शिकवणी मराठीतून आणि हिंदीतून व्हावी, आणि परीक्षा तोंडी घ्यावी.