तारेचा दोष की जोडणीचा?

सौसरजवळच्या एका शेतकरी कुटुंबात आमचे जाणे झाले. संत्र्याचा माल विकल्यावर थोरल्या मुलाने हौसेने दोन स्पीकर व अ‍ॅम्प्लिफायर आणले होते. घराला रंग देताना तारा सोडल्या व पुन्हा जोडल्या. तेव्हापासून गाण्यातील ढोलकीचा घुमारच हरपला. पांढुर्ण्याहून भारी किमतीची तार आणावी, असे मुलाच्या मनात होते. धाकट्या मुलीच्या फीसाठी ठेवलेले पैसे त्यात जाणार होते. आई म्हणाली, "फादर, तुम्हीच सांगा, तार बदलून आवाज सुधारतो काय?"

आम्ही तारा पाहिल्या. एका स्पीकरची लाल व काळी टोके उलट लागली होती. अशा वेळी एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि खर्जाचे स्वर एकमेकांस मारतात. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून टोके सरळ करताच ढोलकी पूर्ववत बोलू लागली. खर्च एका पैशाचाही झाला नाही.

तारेचे मुळीच महत्त्व नाही, असे मात्र नव्हे. स्पीकर १० मीटर दूर असल्यास जाऊन-येऊन तार २० मीटर होते. दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा विरोध तेवढ्या अंतरात सुमारे पाव ओहम भरतो; ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो किरकोळच. अर्धा चौरस मिलिमीटरच्या बारीक तारेत तोच पाऊण ओहम होतो. तेथे जाड तार घेणे शहाणपणाचे. परंतु पुरेशी जाडी असल्यावर, कोणती तार लावली हे न सांगता ऐकविले, तर स्वस्त व महाग यांतील भेद कानास सहसा कळत नाही.

आणखी एक सावधगिरी. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर अ‍ॅम्प्लिफायरवर ४ ओहमचा भार पडतो. एकामागे एक जोडले तर १६ ओहमचा. यंत्रामागे लिहिलेल्या मर्यादेहून ओहम कमी झाल्यास यंत्र तापून बिघडू शकते. तारेचे सुटे धागेही एकमेकांस लागू देऊ नयेत.

मुलांच्या हौसेस आमचा विरोध नाही. मात्र पैशाच्या पिशवीस हात घालण्यापूर्वी त्यांनी जोडणीस हात घालावा. त्या घरी मुलीची फी वेळेवर भरली गेली, याचाच आम्हांस अधिक आनंद वाटला.