किरणोत्सर्ग म्हणजे विटाळ नव्हे



आजच्या लेखाची सुरुवात एका व्हिडिओ गेमपासून आहे. हे वाचून काही ज्येष्ठ वाचक पुढे वाचायचे सोडतील, पण त्यांनी थोडा धीर धरावा. हा लेख तरुणांइतकाच त्यांच्यासाठीही आहे.

'फॉलआऊट' ही अमेरिकेतली गाजलेली गेम-मालिका. पहिला भाग १९९७ साली आला. कथा थोडक्यात अशी: २०७७ साली अणुयुद्ध होते, जग बेचिराख होते, काही माणसे जमिनीखालच्या मोठमोठ्या तळघरांत वाचतात आणि पुढे त्यांचे वारस वर येऊन त्या उजाड जगात वाट काढतात. तिसरा भाग २००८ साली दुसऱ्या कंपनीने काढला आणि तेव्हापासून चाहत्यांत दोन तट पडले. एक तट म्हणतो, पहिले दोन भाग आणि २०१० चा 'न्यू व्हेगास' हेच अस्सल, बाकी सगळी नुसती गोळीबाराची करमणूक. दुसरा म्हणतो, तिसऱ्या आणि चौथ्या भागामुळेच ही गेम जगभर पोचली, जुन्यांचे हे नुसते आठवणी काढणे आहे. २०२४ साली यावर टीव्ही मालिका आली. तिच्यात एका फळ्यावर एका शहराच्या पतनाचे साल २२७७ लिहिलेले दिसले. ते २२८१ साली घडणाऱ्या 'न्यू व्हेगास'शी जुळत नाही, यावरून केवढा गदारोळ झाला!

माझा भाचा आणि त्याचे मित्र या वादात हिरिरीने उतरतात. मी ऐकत असतो. डॉक्टर म्हणून मला जाणवते ते असे: हे दोन्ही तट प्रत्येक गोष्टीवर भांडतात, पण एक गोष्ट दोघांनीही निमूट मान्य केलेली आहे. ती म्हणजे किरणोत्सर्ग हा अंगाला लागणारा मळ आहे. दूषित पाण्यातून चाललात की तो लागतो, मीटर टिकटिकते, 'रॅड'चा आकडा चढतो. मग 'रॅडअवे' नावाची सलाईनसारखी पिशवी लावली की तो निघून जातो. अंग पुन्हा स्वच्छ!

गेममध्ये हे चालते. पण ज्यांनी ही गेम कधी पाहिलेलीही नाही, अशा घरांतही हीच समजूत ठाण मांडून बसलेली आहे. माझे भांडण तिच्याशी आहे.

गेमचे काय बरोबर आहे?

आधी श्रेय देऊ. 'रॅड' हे खरोखरच किरणांची मात्रा मोजण्याचे जुने एकक आहे. आज आपण 'ग्रे' वापरतो. १०० रॅड म्हणजे १ ग्रे. तिसऱ्या भागात २०० रॅडला आजार सुरू होतो आणि १००० ला मृत्यू येतो. हे आकडे अगदीच हवेतले नाहीत. संपूर्ण शरीराला थोड्या वेळात १०० रॅडच्या आसपास मात्रा मिळाली तर उलट्या होऊ शकतात. ४०० च्या आसपास, उपचार न मिळाल्यास, साधारण निम्मी माणसे काही आठवड्यांत दगावतात. १००० ला वाचणे जवळपास अशक्य असते.

जुन्या भागांचे चाहते आणखी एक मुद्दा मांडतात. पहिल्या भागात किरणांचा परिणाम लगेच दिसत नसे, काही तासांनी अंगावर येई. किती मात्रा मिळाली हे कळायला मोजणीयंत्र जवळ ठेवावे लागे. चौथ्या भागात मात्र आयुष्याची पट्टी डोळ्यांदेखत लाल होत जाते. या एका मुद्द्यावर माझे मत जुन्यांच्या बाजूने आहे. खऱ्या आजारात आधी काही तासांत उलट्या होतात. मग त्या थांबतात आणि काही दिवस ते काही आठवडे माणसाला चक्क बरे वाटते. त्याच काळात अस्थिमज्जेतल्या पेशी मरत असतात. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घटतात आणि नंतर जंतुसंसर्ग व रक्तस्राव समोर येतो. किरणांना ना वास, ना रंग, ना चटका. हा उशीरच त्यांना घातक करतो.

शेक आणि राख

आता मुख्य गोष्ट. चुलीजवळ बसलात की शेक लागतो. उठून दूर गेलात की शेक थांबतो, तो तुमच्या अंगाबरोबर घरभर फिरत नाही. जास्त जवळ बसला असाल तर त्वचा भाजलेली राहील, पण म्हणून तुमच्या शेजारी बसणाऱ्याला काही भाजत नाही. याउलट, चुलीतली धगधगती राख अंगावर उडाली तर ती तुमच्याबरोबर येते, भाजत राहते आणि दुसऱ्यालाही लागू शकते.

किरण म्हणजे शेक. किरणोत्सर्गी धूळ म्हणजे राख. 'फॉलआऊट' या शब्दाचा अर्थच मुळी अणुस्फोटानंतर आभाळातून खाली पडणारी धूळ असा आहे. गेमने या दोन्ही गोष्टी एकाच मीटरमध्ये कोंबल्या आणि आपणही डोक्यात तेच करतो.

राखेचे खरे उदाहरण म्हणजे ब्राझीलमधले गोयानिया शहर. १९८७ साली तिथे एका बंद पडलेल्या दवाखान्यातून कर्करोगावरच्या किरणोपचाराचे यंत्र भंगारात गेले. आतली सीझियम-१३७ ची भुकटी अंधारात निळी चमकत होती, म्हणून लोकांनी कौतुकाने ती घरोघरी वाटली. २४९ जणांच्या अंगावर वा शरीरात ती सापडली आणि चौघांचा मृत्यू झाला. आपल्याकडे २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेले उपकरण फोडले गेले. त्यातही एकाचा जीव गेला.

मग 'रॅडअवे' खरोखर आहे का?

राखेसाठी थोडेफार आहे. गोयानियात 'प्रशियन ब्लू' हे औषध तोंडावाटे दिले गेले. ते आतड्यात सीझियमला धरून ठेवते आणि शौचावाटे बाहेर काढते. शरीरात गेलेल्या प्लुटोनियमसाठी 'डीटीपीए' हे औषध आहे. पोटॅशियम आयोडाइडची गोळी थायरॉइड ग्रंथीत आधीच साधे आयोडीन भरून ठेवते, म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीनला जागा उरत नाही. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर पोलंडने लाखो मुलांना आयोडाइडचा डोस दिला होता. पण ही औषधे ठरावीक पदार्थांपुरतीच आहेत. आयोडाइड थायरॉइडपलीकडे कशाचेही रक्षण करत नाही. २०११ साली फुकुशिमाच्या बातमीनंतर चीनमध्ये लोकांनी आयोडीनयुक्त मिठासाठी दुकानांपुढे रांगा लावल्या. त्या मिठातले आयोडीन इतके थोडे असते की त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

शेकासाठी मात्र रॅडअवे नाही. लागलेली मात्रा कोणत्याही सलाईनने परत काढता येत नाही. आपण फक्त अस्थिमज्जा सावरेपर्यंत रुग्णाला जपतो: प्रतिजैविके, रक्त, प्लेटलेट आणि केमोथेरपीच्या रुग्णांना देतात तीच पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शने.

'घूल' आणि आपले आजोबा

गेममध्ये किरणांनी कातडी झडलेली माणसे आहेत, त्यांना 'घूल' म्हणतात. तिसऱ्या भागात एका श्रीमंत इमारतीतले रहिवासी घूलांना आत घ्यायला तयार नसतात. तुम्ही समेट घडवून आणलात तरी पुढे ते घूलच रहिवाशांना मारून टाकतात. ही कथा न्याय्य की अन्याय्य, यावर चाहते अजून भांडतात. मला त्या भांडणाचे आश्चर्य वाटत नाही, कारण त्यामागचा प्रश्न खरा आहे. हिरोशिमा आणि नागासाकीतून वाचलेल्यांना जपानमध्ये लग्न जमवताना आणि नोकरी मिळवताना वर्षानुवर्षे अडवले गेले. 'यांच्या मुलांत दोष उतरेल' ही भीती त्यामागे होती. बॉम्बच्या वेळी पोटात असलेल्या काही बाळांना खरोखर इजा झाली. पण वाचलेल्यांना नंतर झालेल्या मुलांचा अनेक दशके अभ्यास होऊनही त्यांच्यात आनुवंशिक आजार वाढल्याचे स्पष्ट दिसलेले नाही.

हे फक्त जपानपुरते नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका आजोबांना घशाचा कर्करोग होता. किरणोपचाराच्या ३३ बैठका ठरल्या होत्या. घरच्यांनी त्यांचे ताट-वाटी वेगळी केली आणि नातवाला त्यांच्या खोलीत जायला बंदी घातली. सगळे प्रेमापोटीच. ११ बैठका झाल्यावर आजोबांनी जाणेच थांबवले. म्हणाले, "डॉक्टर, माझ्या अंगातून पोराला काही व्हायला नको." बाहेरून यंत्राने दिलेले किरण म्हणजे शेक. यंत्र बंद झाले की संपले. आजोबांच्या अंगात राखेचा कणही नव्हता. समजावून सांगितल्यावर ते परत गेले, पण मध्ये दोन आठवडे गेले होते. घशाच्या कर्करोगात अशा खंडात उरलेल्या पेशी पुन्हा वेगाने वाढतात.

सोनोग्राफीत तर हे किरण नसतातच, तरी लोक तिला घाबरतात. आणि सीटी स्कॅननंतर 'किरण बाहेर काढायला काहीतरी द्या' ही मागणी नेहमीची आहे. छातीच्या एक्स-रेची मात्रा सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी असते. पोटाच्या सीटीची साधारण ८ ते १०. निसर्गातूनच आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. सीटीमुळे पुढे कर्करोग होण्याचा धोका अगदी किंचित वाढतो. म्हणून तो गरजेपुरताच करावा, लहान मुलांत तर विशेष विचार करून. पण झाल्यावर धुऊन काढण्यासारखे आत काही उरलेलेच नसते.

लक्षात काय ठेवायचे?

१. बाहेरून यंत्राने किरणोपचार घेणाऱ्याला जवळ घ्या, एका ताटात जेवा. त्याच्यापासून कुणालाही धोका नाही.

२. थायरॉइडसाठी किरणोत्सर्गी आयोडीन पोटात घेतलेल्या रुग्णाची गोष्ट वेगळी. तिथे काही दिवस लहान मुले आणि गर्भवतींपासून अंतर ठेवावे लागते. किती दिवस, हे तुमचे डॉक्टर सांगतील.

३. किरणोत्सर्गी धुळीचा अपघात झालाच, तर घरात थांबा, दारे-खिडक्या लावा. बाहेरून आला असाल तर कपडे काढून पिशवीत बंद करा आणि साबण-पाण्याने अंघोळ करा. बहुतांश धूळ एवढ्यानेच निघते. आयोडाइडची गोळी सरकारी सूचना आल्याशिवाय घेऊ नका.

४. तपासणीआधी डॉक्टरांना विचारा: ही खरंच गरजेची आहे का? गर्भवती असाल किंवा तशी शक्यता असेल तर आधी सांगा.

'गेम आहे, त्यात विज्ञान कशाला शोधता,' असे काही चाहते म्हणतील. मान्य. १९५० च्या दशकातल्या भाबड्या कल्पनांवर ती मुद्दामच बेतलेली आहे. २००८ साली ऑस्ट्रेलियाने तिसऱ्या भागाला मान्यता नाकारली ती त्यातल्या मॉर्फिनमुळे. कंपनीने ते नाव बदलले आणि गेम आली. रॅडअवेची पिशवी तशीच राहिली आणि माझी तिच्यावर बंदीची मागणीही नाही. तुम्ही खुशाल खेळा, कोणता भाग अस्सल यावर भांडा.

फक्त एवढे करा. घरात उद्या कुणाचे किरणोपचार सुरू झाले, आणि आजीने त्यांचे भांडे वेगळे ठेवायला घेतले, तर शेक आणि राख यांतला फरक तिला समजावून सांगा. 'रॅड' म्हणजे काय हे त्या घरात तुम्हालाच सगळ्यांत जास्त ठाऊक असेल.